किट कारचं बॉनेट आणि बॉडी पॅनल बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट नवीन आहे, बॉडी पण नवीन, मग कापाकापीची वेळ येतेच कशाला?

किट कार म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जुळवायची गाडी, आणि रेप्लिका म्हणजे एखाद्या नावाजलेल्या गाडीची नक्कल. रेप्लिकाची बॉडी एका गाडीवरून घेतलेली असते आणि तिच्याखाली इंजिन, रेडिएटर, स्टीअरिंग दुसऱ्याच गाडीचं असतं. मूळ कोब्रा या स्पोर्ट्स कारची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, हाताने ठोकून घडवलेली, रेप्लिका बहुतेक फायबरच्या (रेझिनमध्ये काचेचे तंतू). त्यातही एका साच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करत करत आकार थोडा थोडा बदलत जातो. मग एअर फिल्टर बॉनेटला टेकतो, दरवाजाची फट वर 3 मिमी आणि खाली 9 मिमी निघते, डावा फेंडर उजव्यापेक्षा गुबगुबीत दिसतो. यातलं काहीच नवल नाही, किट बनवणाऱ्या सगळ्यांना हे भोगावं लागतं.

बॉडी आली, आता सरळ कटर हातात घेऊ का?

अजिबात नको. आधी गाडी तिच्या चार चाकांवर उभी पाहिजे, इंजिन-गिअरबॉक्स जागेवर, रेडिएटर जागेवर, सीट बसवलेल्या. स्टँडवर उचललेल्या चेसिसवर पॅनल जुळवले की चाकांवर वजन आल्यावर चेसिस थोडी वाकते आणि दरवाजाच्या फटी बदलतात, मग सगळं परत. बॉडीचे माउंट पण आधी शिम (पातळ चकत्या) घालून पक्के करून घ्या. दरवाजे आधी, मग बॉनेट, मग डिकी, कारण दरवाजा बिजागरीवर लटकतो आणि तिथे हलवायला जागा सगळ्यात कमी असते. बॉनेट त्या मानाने सोशिक, इकडे तिकडे सरकवता येतं.

अजून एक, बॉडीची मधली रेष कधी गृहीत धरू नका. मधोमध दोरी ताणा किंवा लेझर लाईन टाका, एका बाजूचा पुठ्ठ्याचा साचा काढा आणि उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघा, तिथेच किती फरक आहे ते कळतं. फरक 5-6 मिमी असेल आणि दोन्ही बाजू एकदम डोळ्यासमोर येत नसतील तर सोडून द्या, कुणीही दोन्ही फेंडर एकाच वेळी बघू शकत नाही.

एअर फिल्टर बॉनेटला लागतोय, किती उंच करावं लागेल?

मोजायला साधी पद्धत आहे. फिल्टरच्या झाकणावर मळलेल्या प्लॅस्टिसिनचे (खेळायच्या मऊ मातीचे) चार-पाच गोळे ठेवा, वर पातळ प्लास्टिक, आणि बॉनेट हळूच पूर्ण बंद करून लॅच लावा. उघडलं की गोळे दबलेले दिसतील, सुरीने कापून जाडी मोजा. जिथे गोळा पार चपटा झालाय तिथे बॉनेट टेकतंय, आणि बऱ्याचदा तो एकच कोपरा असतो, पूर्ण झाकण नाही.

ही मापं गाडी थांबलेली असतानाची आहेत हे विसरू नका. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रबर माउंटवर इंजिन एका बाजूला कलतं, म्हणून किमान 20 ते 25 मिमी मोकळी जागा ठेवा. 10 मिमी कमी पडत असेल तर आधी बुटका फिल्टर, कमी उंचीचा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग), इंजिन माउंटची उंची हे बघा, बॉनेटला हात सगळ्यात शेवटी. एवढं करूनही जमत नसेल तर मग स्कूप (बॉनेटवरचं हवा घेणारं उंच तोंड) किंवा फुगवटा.

स्कूप लावलं की पॉवर वाढते हे खरं आहे का?

वाऱ्याच्या दाबाने म्हणाल तर जवळपास नाहीच. हिशोब बघा: ताशी 100 किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण 460 पास्कल, म्हणजे नळीतलं पाणी जेमतेम 47 मिमी वर चढवेल एवढा, आणि वातावरणाचा दाब 1,01,325 पास्कल, म्हणजे अर्धा टक्का पण नाही. ज्यांना "रॅम एअर" या शब्दाने भुरळ पडते त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

फायदा आहे तो थंड हवेचा. इंजिनच्या खोलीतली हवा 60 अंश आणि बाहेरची 30 अंश असेल तर आतली हवा साधारण 9 टक्के विरळ असते, कारण घनता निरपेक्ष तापमानावर जाते, 303 भागिले 333. स्कूपचं तोंड फिल्टरशी सील केलेलं असेल, मध्ये फोम किंवा रबराची कड असेल तरच ही थंड हवा आत जाते. नुसतं भोक पाडून वर स्कूप चिकटवलं की गरम आणि थंड हवा मिसळते, वर पावसाचं पाणी थेट फिल्टरवर. म्हणून आतमध्ये पाणी अडवणारी एक पट्टी आणि खाली निचऱ्याचं छोटं भोक ठेवावं.

दुसरा मार्ग म्हणजे स्कूपचं तोंड मागे, काचेकडे. विंडशिल्डच्या पायथ्याशी हवा अडते आणि दाब वाढतो, तिथून हवा घ्यायची. शेव्हर्लेने 1969 च्या कॅमेरोला असं बॉनेट दिलं होतं. पण तुमची रेप्लिका ज्या गाडीची आहे तिला पुढे तोंड असेल तर मागे तोंड केलेलं स्कूप जाणकाराच्या डोळ्यात खुपतं, हा निर्णय तुमचा.

नाका डक्ट जास्त स्टायलिश दिसतात, त्या लावू का?

अमेरिकेच्या विमानविद्या समितीने, म्हणजे नाकाने, 1945 मध्ये या पॅनलमध्ये खोलगट बसणाऱ्या हवेच्या वाटेवर अहवाल काढला, तेव्हापासून तो आकार चालत आलाय. पुढे निमुळता, मागे रुंद, कडा वक्र आणि उतार हलका, साधारण 7 अंश. उतार जास्त केला की हवा उताराला चिकटत नाही आणि आत येतच नाही. ही डक्ट हवा आत घेण्यासाठी आहे, गरम हवा बाहेर काढायला वापरली तर नुसतीच शोभा. आणि पृष्ठभागावर हवा सरळ वाहत असेल तिथेच चालते, म्हणजे बॉनेटच्या पुढच्या भागात ठीक, दरवाजामागच्या कोपऱ्यात संशयास्पद.

बॉनेटखाली उष्णता साठते, लूव्हर कुठे पाडू?

लूव्हर म्हणजे गरम हवा बाहेर सोडणाऱ्या तिरक्या फटी, त्या जिथे दाब कमी आहे तिथे. बहुतेक गाड्यांमध्ये तो भाग रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्यात असतो. काचेजवळ लूव्हर पाडले तर तिथला जास्त दाब हवा उलटी आत ढकलेल, आणि तुम्हाला वाटेल लूव्हर कमी पडले म्हणून अजून पाडाल. अंदाज करायचा नसेल तर बॉनेटवर लोकरीचे 5-6 सेंमीचे तुकडे टेपने चिकटवा, दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढा. धागे मागे सरळ पडले तर हवा नीट वाहते, उलटे फिरले किंवा नाचले तर तिथे गोंधळ आहे. दाब मोजायचा असेल तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा, एक तोंड बॉनेटच्या आत आणि दुसरं वरच्या पृष्ठभागाला टेकवून, पाण्याच्या उंचीतला फरक लिहून ठेवा. ड्रायव्हिंग दुसऱ्याला द्या, नळीकडे बघत गाडी चालवू नका.

फायबरमध्ये लूव्हर पत्र्यासारखे दाबून निघत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची तयार लूव्हर प्लेट घ्या, बॉनेटमध्ये खिडकी कापा, कडेला 15-20 मिमीची पायरी सोडा म्हणजे प्लेट वरून समपातळीत बसेल. खिडकीचे कोपरे गोल ठेवा, किमान 10 मिमी त्रिज्या, चौकोनी कोपऱ्यातून तडा जातोच जातो.

माझी गाडी बीटलच्या चेसिसवरची पोर्शे 356 स्पीडस्टरची रेप्लिका आहे, मागच्या झाकणाला जास्त जाळी पाडली तर इंजिन थंड राहील का?

हवेने थंड होणाऱ्या बीटल इंजिनमध्ये मागच्या झाकणाच्या फटींतून पंखा थंड हवा आत ओढतो, त्या फटी गरम हवा बाहेर टाकायला नाहीत. हवा वाढवणं चांगलंच, पण खरं काम इंजिनभोवतीच्या टिनच्या आणि रबराच्या सीलचं आहे, जे वरची थंड आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतात. किटच्या बॉडीत ते सील अर्धवट बसतात, मग सिलिंडरवरून आलेली गरम हवा परत पंख्यात जाते आणि झाकणावर कितीही जाळ्या पाडा, तापमान खाली येत नाही. आधी ते सील बघा.

फायबर, कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, बॉनेट कशाचं हलकं?

लोकांना वाटतं फायबर म्हणजे पिसासारखं. 1 चौरस मीटरचा हिशोब करा: 0.8 मिमी स्टीलचा पत्रा साधारण 6.3 किलो, 3 मिमी फायबर साधारण 4.5 किलो, 1.2 मिमी अ‍ॅल्युमिनियम 3.2 किलोच्या आसपास. फरक आहे पण डोळे दिपवणारा नाही. फायबरचा मोठा फायदा म्हणजे गंज नाही आणि आकार हवा तसा वाढवता-घटवता येतो. कार्बन चांगलं दिसतं, पण अ‍ॅल्युमिनियमला थेट लागलं आणि ओलावा मिळाला की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, म्हणून मध्ये काचेच्या कापडाचा एक थर द्यायचाच.

पॉलिस्टर रेझिन वापरू की इपॉक्सी?

किटची बॉडी बहुतेक पॉलिस्टरची असते. छोटा बदल असेल तर पॉलिस्टर किंवा व्हिनिलएस्टर चालतं, पण चिकटायची ताकद हवी असेल तर इपॉक्सी भारी. इपॉक्सी पॉलिस्टरवर मस्त बसतं, उलटं नाही, इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट (बॉडीचा वरचा गुळगुळीत रेझिनचा थर) लावला की कधी ना कधी सुटतो. म्हणून एकदा इपॉक्सी सुरू केलं की रंगापर्यंत इपॉक्सीच. नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) इपॉक्सीत नीट भिजत नाही, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड वापरा.

स्कूप किंवा नवीन तुकडा जुन्या बॉडीला नीट कसा जोडायचा? माझा जोड रंगाखालून रेषेसारखा दिसायला लागलाय.

ती रेष म्हणजे जोड फक्त वरून भरलाय, किंवा जोडाच्या कडेला घासून काढलेला उतार फार छोटा घेतलाय. पूर्ण वाळलेल्या फायबरला नवीन थर रासायनिक पकडीने जोडला जात नाही, पकड फक्त खडबडीतपणाची आणि जागेची. म्हणून क्रम असा: आधी वॅक्स काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसून घ्या, आणि हे घासायच्या आधी, नाहीतर साच्यातलं वॅक्स पॉलिश पेपरने आत रगडलं जातं. मग 36 किंवा 40 नंबरच्या पेपरने जेलकोट पूर्ण उतरवा, खाली काचेचे तंतू दिसेपर्यंत. जेलकोटवर थर चढवला की तो जेलकोटला चिकटतो, बॉडीला नाही, आणि जेलकोट फुटला की सगळं सुटतं.

उताराचं प्रमाण 12 ला 1. म्हणजे 3 मिमी जाडीला 36 मिमी रुंद उतार, दोन्ही तुकड्यांना. बघायला जास्त वाटतं पण ताण पसरायला एवढं लागतंच. तुकडे जागेवर धरायला आतून पट्ट्या आणि तात्पुरते स्क्रू लावा. आधी आतून दोन-तीन थर, मग स्क्रू काढा, भोकं भरा, मग वरून सर्वात मोठा थर आधी किंवा सर्वात छोटा आधी यावर दोन मतं आहेत, मी मोठा आधी टाकतो कारण मग वरचे छोटे थर घासताना जोडाचा सर्वात रुंद थर शाबूत राहतो. चौरस मीटरला 450 ग्रॅमची मॅट रेझिनसकट साधारण 1 मिमी जाडी देते, रेझिन मॅटच्या वजनाच्या 2 ते 2.5 पट. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती हे चुकीचं आहे, नुसतं रेझिन ठिसूळ असतं. लोखंडी रोलरने बुडबुडे काढा. वाळल्यावर नाण्याने ठोकून बघा, टणक आवाज आला तर ठीक, बोदा आवाज आला तिथे आत हवा आहे किंवा थर सुटलाय, ती जागा परत घासून भरा.

हार्डनर किती टाकू? पटकन सेट व्हायला थोडा जास्त टाकला तर?

पॉलिस्टरला वजनाच्या 1 ते 2 टक्के, 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम, आणि ते डोळ्याच्या अंदाजाने नाही, काट्यावर. वातावरण साधारण 18 ते 25 अंश असलं की बरं. खूप कमी टाकला तर वाळतच नाही, खूप जास्त टाकला तरी नीट वाळत नाही आणि भांडं इतकं तापतं की प्लास्टिकचा डबा वितळतो. इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं, तिथे कमी-जास्त करून वेग बदलत नाही, वेग पाहिजे तर फास्ट हार्डनर घ्या. पॉलिस्टरचा हार्डनर म्हणजे एमईकेपी, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल लावूनच. आणि तो कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये थेट मिसळू नका, स्फोट होतो, आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मग दुसरा. वासासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, काचेच्या धुळीसाठी धुळीचा फिल्टर, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दारं-खिडक्या उघड्या. बाह्या लांब, नाहीतर रात्रभर अंग खाजवत बसाल.

बॉनेट मोठं आहे, हायवेवर फडफडतं. काय करू?

कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर कडकपणा आठपट. म्हणून थर वाढवण्यापेक्षा मध्ये 5 मिमी फोम किंवा कोअर मॅट घालून दोन्ही बाजूंनी पातळ थर दिले की वजन फार न वाढता काम होतं. किंवा आतून फोमच्या पट्ट्यांवर थर टाकून फासळ्या बनवा. फासळ्या पूर्ण लांबीच्या सरळ रेषेत टाकू नका, उन्हात वरून त्यांची छाप दिसते, थोड्या तिरक्या किंवा टोकाला निमुळत्या ठेवा. स्टीलची फ्रेम फायबरला घट्ट चिकटवायची असेल तर थांबा, फायबर आणि स्टील उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतात, मग पृष्ठभागावर लाट येते. लवचिक पॉलियुरेथिन अ‍ॅडहेसिव्ह वापरा, घट्ट इपॉक्सी नको.

लॅच एक पुरेल का, की पिन लावू?

एक लॅच कधीच पुरत नाही. ताशी 100 ला 1 चौरस मीटर बॉनेटवर आत-बाहेरच्या दाबाचा फरक त्या 460 पास्कलच्या निम्मा जरी असला तरी 23 किलोएवढा उचलणारा जोर येतो, 200 ला तो चौपट. बिजागरी मागे असेल तर दुसरा सुरक्षा हुक हवाच, पुढून उघडलं तर थेट काचेवर येतं. बिजागरी पुढे असेल तर वारा बॉनेट बंद ठेवायला मदत करतो, तरी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना कुलूप हवं. फायबरला बोल्ट लावताना मोठा वायसर आणि आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं, नाहीतर तिथून तडे सुरू होतात.

फेंडर रुंद करायचे आहेत, टायर किती आत-बाहेर चालतील?

स्प्रिंग काढा, चाक जॅकने पूर्ण वर ढकला आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. त्या पूर्ण प्रवासात टायर कुठे सर्वात जवळ येतो ते मार्क करा, आणि तिथून किमान 15-20 मिमी सोडा. नुसतं उभ्या गाडीकडे बघून फेंडर घडवले की पहिल्याच खड्ड्यात टायर घासतो.

फटी एकसारख्या कशा करायच्या?

लक्ष्य 4 ते 5 मिमी ठेवा, रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात म्हणून आधी थोडी जास्त. जिथे फट मोठी आहे तिथे कड वाढवायची, तीही नुसत्या लांबीने (पुट्टीने) नाही, काचेचे तंतू असलेल्या लांबीने किंवा पातळ मॅटने. समोरच्या पॅनलला टेप आणि वॅक्स लावा, कडेला भर घाला, दरवाजा बंद करून जवळजवळ सुकू द्या, मग उघडून ठरलेल्या जाडीच्या पट्टीने फट घासून काढा. मूळ गाड्या हाताने बनायच्या, त्यांच्या फटी एकसारख्या नसायच्या, त्यामुळे आधुनिक कारखान्याची फट रेप्लिकात आणायचा अट्टहास कशाला असा प्रश्न मला नेहमी पडतो. याच्या उलट टोकाला पॉन्टिअ‍ॅक फिएरो, 1984 ते 88 ची, फेरारीच्या रेप्लिकांसाठी लोक आवडीने घेतात. तिचे पॅनल लावायचे ठिपके चेसिसवर एकाच वेळी मशीनने कापून भोकं पाडलेले असतात, म्हणून तिचे स्वतःचे पॅनल बिनचूक बसतात. किटचे पॅनल मात्र त्याच ठिपक्यांवर बसतीलच असं नाही.

लांबी किती जाड चालेल?

3 मिमीपर्यंत ठीक. त्यापेक्षा जाड लागली तर आधी फायबरने आकार उचला. 10 मिमी लांबी आज गुळगुळीत दिसते आणि कंपनाने पुढच्या हंगामात तडकते.

रंग कधी मारू? काळा रंग घ्यायचा विचार आहे.

घाई नको. नवीन फायबर आठवडे-महिने थोडं थोडं आकसत राहतं, मग कापडाची वीण रंगावर उमटते. शक्य असेल तर रंगाआधी पॅनल काही आठवडे उन्हात ठेवा, सुकणं पूर्ण होतं. त्यानंतर हाय-बिल्ड प्रायमर, वर काळ्या पावडरचा गाइड कोट (घासताना उंचसखल जागा दाखवणारा), आणि लांब सपाट ठोकळ्याने घासणं, बोटांनी नाही, बोटांनी खड्डे पडतात. काळा रंग उन्हात जास्त तापतो आणि साध्या पॉलिस्टर पॅनलला 60-70 अंशाच्या आसपास नरम पडायची सवय असते, शिवाय प्रत्येक लाट ठळक दिसते. एक्झॉस्टजवळच्या पॅनलला आतून हीट शील्ड द्याच, रंग कुठलाही असो. टू-के (हार्डनर मिसळायच्या) रंगात आयसोसायनेट असतं, त्यासाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, म्हणून तो भाग बूथ असलेल्याकडे द्या.

बॉडीचा कुठलाही भाग कापला तर चालतो ना, चेसिस तर खाली आहे?

सगळ्या किटमध्ये नाही. 1957 च्या लोटस एलिटमध्ये फायबरची बॉडीच गाडीचा भार घेते. तुमच्या किटच्या मॅन्युअलमध्ये टब (बसायची पेटी), सिल (दरवाजाखालची पट्टी) किंवा सीट बेल्टचे पॉइंट बॉडीत आहेत असं असेल तर तिथे कटर लावू नका. शंका असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

पासिंग आणि विम्याचं काय?

ठिकाणागणिक वेगळं असतं. लाईटची उंची, धारदार कडा, बॉनेटवरून समोर दिसणं, हे मुद्दे बहुतेक ठिकाणी तपासतात. मोठं स्कूप लावायच्या आधी सीटवर बसून पुठ्ठ्याचं स्कूप ठेवून बघा, समोरचा रस्ता किती झाकला जातो ते दिसेल. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

जुनं बॉनेट ठेवू की टाकू?

ठेवा. रंगाची शेड त्याच्यावर मारून बघता येते, लूव्हरची खिडकी आधी त्याच्यावर कापून बघता येते, आणि वॅक्स लावून त्याच्यावरून साचा काढला की पुढच्या प्रयोगाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.